लावणीच्या आधीचा ताप

हौसा, तुला खऱ्या नावानं हाक मारायची सोय नाही. बावीस वर्षं तुझं नाव मी चारचौघांत कधी घेतलं नाही. बाजारात समोरून आलीस तरी ओळख दाखवायची नाही, हा आपला नियम होता. आता तू गेलीस म्हणून तो मोडायचा, हे मला जमणार नाही. हौसा हे नाव कुणी सुचवलं ते शेवटी सांगते.

तू गेलीस त्याला महिना होत आला. टाकव्याच्या घरी पडवीत घेवडा निवडत बसली होतीस म्हणे. "आत्याबाई, जरा टेकते," असं सासूला म्हणालीस आणि टेकलीस ती उठलीच नाहीस. डॉक्टर म्हणाले, हृदय. तुझ्या लेकीकडून फोनवर हे ऐकलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला रडण्याआधी हसू आलं. अगं, एचआयव्हीवर बावीस वर्षं डोळ्यांत तेल घालून नजर ठेवली आपण. एक गोळी चुकली नाही, एक तपासणी चुकली नाही. आणि गेलीस कशानं, तर चारचौघींसारखी, बसल्या जागी. तुला स्वतःलाच त्याची गंमत वाटली असती. "बगा मॅडमबाई, म्या म्हनलं व्हतं ना, त्याच्यानं मरनार न्हाई." म्हणाली होतीस, खरंच. बोलण्यात तू मला कधी जिंकू दिलं नाहीस आणि शेवटचा डावही तूच मारलास.

दहाव्याला आले होते मी. मागं बायकांत बसले. एका म्हातारीनं विचारलं, "तुमी कुटल्या?" मी म्हटलं, "लोणावळ्याची. एकवीरेच्या वाटेवर ओळख झालेली." म्हातारीनं हात जोडले. "लय देवभोळी व्हती हो बाय. दर महिन्याला जायाची." मी मान खाली घातली. शेजारणीला वाटलं, रडतेय.

काय नाटक केलंस तू! दर महिन्याला गोळ्या न्यायला निघायचीस आणि घरी सांगायचीस, देवीला जाते. परत जाताना कार्ल्याच्या फाट्यावर एसटीतून उतरायचीस, टपरीवरून नारळ आणि बत्तासे घ्यायचीस, कपाळाला मळवट भरायचीस आणि पुढच्या गाडीनं घरी. गडाच्या पायऱ्या वर्षातून एकदा चढलीस तर चढलीस. मी एकदा म्हटलं, "देवीच्या नावावर खोटं बोलतेस, काही वाटत नाही?" तर म्हणालीस, "तिलाच सांगून आलेय म्या. ती बाईच हाय, तिला कळतंय."

पण मला सांगायचंय ते वेगळंच आहे. सारखी वाट सोडतेय, कारण त्या गोष्टीकडं जायला अजूनही पाय उचलत नाही.

मी लोणावळ्यातल्या एका सरकारी दवाखान्यात रक्त तपासणारी टेक्निशियन. आता निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. तुमच्या भागातल्या बायका मला 'रक्तवाली बाई' म्हणायच्या. तू पहिल्यांदा आलीस तेव्हा जुलै नुकता लागला होता. तुझा चेहरा त्या दिवशी मी नीट पाहिलासुद्धा नाही. पाय आठवतात. टाचांच्या भेगांत चिखल वाळलेला, कारण लावणी सुरू होती आणि तू भाताच्या खाचरातून निघून तशीच आली होतीस. काखेला सहा महिन्यांची रूपी, तुझ्या पदराचं टोक चोखत होती.

तुझा नवरा एका कंपनीच्या बसवर ड्रायव्हर. त्यानं शिवजयंतीच्या शिबिरात रक्त दिलं, मग रक्तपेढीचं बोलावणं आलं, आणि ते पत्र त्यानं चार महिने सीटखाली दडवून ठेवलं. जूनच्या मध्याला तुला ताप भरला तेव्हा घाबरून तुझ्यापाशी बोलला. शेजारच्या दवाखान्यात ओळखीचं कुणी भेटेल म्हणून तू लांब लोणावळ्याला आलीस. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी बाहेर रांग होती, वीज ये-जा करत होती, आणि माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

"मॅडम, पंधरा दिसांखाली मला लय ताप आलता. अंगावर पुरळ बी उठलं. काखेत अजून गाठी हायेत, हात लावून बगा."

मी हात लावला नाही. बोटाला सुई टोचली, थेंब पट्टीवर टाकला. थोड्या वेळानं एकच रेघ उमटली. 

"निगेटिव्ह आहे. काही नाही तुला."

"मग ह्यो ताप कशाचा?"

"पावसाचा. अख्ख्या लोणावळ्याला आलाय."

"आन पोरीला पाजू?"

"पाज की खुशाल."

हे तीन शब्द मी किती सहज बोलले ते मला आजही ऐकू येतं. नियमाप्रमाणं तीन महिन्यांनी पुन्हा बोलवायचं असतं, तेही सांगितलं. तू विचारलंस, "म्हंजी कदी?" आता तुला तारीख काय सांगायची, या घमेंडीत मी म्हटलं, "अगं, लावणी झाली की ये." मी रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली. शेत पाहिलं ते एसटीच्या खिडकीतून. मला वाटायचं, पाऊस आहे तोवर तुम्ही बायका खाचरात वाकलेल्याच असता. लावणी महिन्याभरात उरकते हे मला कुठं ठाऊक?

तू बोलल्याप्रमाणं आलीस. ऑगस्ट उजाडला होता. "झाली लावनी," म्हणालीस. मी कॅलेंडर पाहिलं आणि वैतागले, "अगं, तीन महिने कुठं झाले?" तू हललीच नाहीस. "तुमीच म्हनला व्हता, लावनी झाली की ये." म्हटलं, आता आलीच आहे तर घेऊ थेंब.

दोन रेघा आल्या. मी दुसरी पट्टी काढली, मग तिसरी. तिन्ही पट्ट्या तेच सांगत होत्या. माझ्या डोळ्यांसमोर तुझ्या पदराचं टोक चोखणारी पोर आली. तूच पट्ट्यांकडं बघून म्हणालीस, "हाय ना?" मी मान हलवली. तू खुर्चीवरून उठून खाली फरशीवर बसलीस, जरा वेळानं पदरानं तोंड पुसलंस आणि म्हणालीस, "पोरीचं दूध म्या त्याच सांजंला तोडलंय."

"कोणत्या संध्याकाळी?"

"तुमी कागद दिला त्या सांजंला. तुमच्या कागदात काय न्हाई आन माज्या काखेत गाठी. म्या गाठींचं ऐकलं."

कडुलिंबाचा पाला वाटून तू छातीला लावलास. तुमच्याकडं अंगावरचं दूध तोडायची हीच रीत, पण ती दीड-दोन वर्षांच्या पोराची. रूपी सहा महिन्यांची. ती तोंड लावायची, कडू लागलं की कळवळून रडायची, पुन्हा तोंड लावायची. तिसऱ्या दिवशी तुझ्याकडं नेलं की तिनं तोंडच फिरवलं. शेळीचं दूध आणि नाचणीची पेज यावर ती वाढली. तुझी छाती दुधानं दगडासारखी झालेली आणि तू तशीच लोकांच्या खाचरात रोपं लावत होतीस. सासूनं सगळ्या आळीला सांगितलं, "लावनीला मोकळं व्हायाला लेकीच्या तोंडचं दूध तोडलं हिनं." तू ऐकून घेतलंस. खरं कारण सांगायची चोरी होती.

एवढ्या लहान मुलाची खात्री तेव्हा लगेच करता येत नसे. आईच्या रक्तातल्या खुणा लेकराच्या रक्तातही सापडतात, म्हणून ते दीड वर्षाचं होईपर्यंत थांबायचं असा नियम. आणि तू दूध तोडायच्या आधीचे, तापातले दिवस होतेच की. तेव्हा तर पाजत होतीस. ते वर्ष आपण दोघींनी कसं काढलं ते आपल्यालाच माहीत. रूपी साधी शिंकली तरी तुझ्याआधी मी तिच्या काखेत गाठी चाचपायचे. दीड वर्षाची झाली तेव्हा तिच्या बोटाला सुई मी टोचली. एक रेघ. थांबलो. एकच. तू माझ्या टेबलावर डोकं ठेवून ढसाढसा रडलीस, आणि रूपी तुझं बघून रडायला लागली, आणि मी दार लावून घेतलं.

त्याच सुमारास एका दुपारी, गर्दी ओसरल्यावर, तू म्हणालीस, "मला दावा की, कुटं ऱ्हातंय ते."

"ते या दुर्बिणीतून दिसत नाही. फार बारीक असतं."

"मग लढनारी तर दावा."

मी तुझ्याच बोटाचा थेंब काचेवर पसरला, रंग चढवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. तू एक डोळा मिटून, दुसरा लावून, श्वास रोखून बघत राहिलीस. तांबड्या पेशींच्या गर्दीत एखादीच पांढरी पेशी, रंगानं जांभळी झालेली. "जांभळाची बीच जनू," म्हणालीस. "एवडीशी व्हय! आन हिच्यावर सारं?"

मग मी तुला समजावलं. विषाणू शिरला की पहिल्या दिवसांत तो झपाट्यानं वाढतो. आधी पहारेकरी पेशी जाग्या होतात, त्यांच्या हाकाटीनं ताप येतो, अंग मोडून येतं, काखेत, मानेत गाठी फुगतात, कारण तिथं पेशींचे तळ असतात. मदतनीस पेशी असतात, त्या बाकीच्यांना हाळी देतात. मग मारक पेशी वाढतात आणि ज्या पेशींत विषाणू शिरलाय त्या वेचून मारतात. रक्तातली प्रतिपिंडं मात्र उशिरा तयार होतात, काही आठवड्यांनी. आणि आमची पट्टी फक्त प्रतिपिंडं ओळखते. म्हणजे अंगात विषाणू सगळ्यात जास्त असतो तेव्हाच पट्टी गप्प असते. हे सगळं मला प्रशिक्षणात शिकवलं होतं. पाठ होतं. त्या जुलैच्या दिवशीही पाठच होतं.

तू डोळा दुर्बिणीवरून काढलास. मग म्हणालीस, "म्हंजी आसं बगा. भातात डुक्कर शिरलं. राखनीवालं हाळी देत्यात, डबं बडवत्यात, समदी वाडी उठती. ह्यो झाला ताप. आन तुमची पट्टी म्हंजी वनखात्याचा मानूस. त्यो महिन्यानं पंचनामा कराया येनार, आन त्यो आला तरच डुक्कर आलं व्हतं म्हनायचं! मग आमी रातभर डबं का बडवलं, येड लागलं व्हतं?"

मी हसून हसून बेजार झाले. पण त्यानंतर निवृत्त होईपर्यंत जो माणूस माझ्यासमोर बसला, त्याला मी तुझं डुक्कर सांगितलं. पोस्टरवरच्या चित्रांनी जे समजत नव्हतं ते याच्यानं समजायचं. "मग पंचनामा व्हईस्तोवर गप बसायचं न्हाई," असं लोक आपणहून म्हणायचे आणि सांगितलेल्या तारखेला परत यायचे. आणि हो, तारीख मी लिहून द्यायला लागले, वर लावणी, तण काढायची बेणणी, काढणी यांतलं जे जवळ असेल ते विचारून, मोजून. तुझ्यामुळं शिकले. एवढं तरी तुला सांगायला हवं होतं, तेही कधी सांगितलं नाही.

पुढचं ऐकताना मात्र तुझा चेहरा उतरला होता. मी म्हटलं, "हे डुक्कर जरा वेगळं आहे, हौसा. ते हाळी देणाऱ्यालाच धरतं. मदतनीस पेशींतच शिरतं."

"मग बाकीच्यांस्नी कळनार कसं?"

"हळूहळू कळेनासंच होतं. सुरुवातीला मारक पेशी त्याला रेटतात, ताप उतरतो, माणसाला वाटतं, झालं, बरं वाटलं. पण तोवर काही विषाणू डुकरासारखे झाडीच्या जाळीत जाऊन बसलेले असतात. ज्या पेशी जुन्या आजारांची आठवण ठेवतात आणि एरवी निवांत पडून असतात, त्यांच्या आत. गोळ्यांनी बाकीचे आटोक्यात येतात. जाळीतले राहतात."

"आठवन ठेवनारीच्याच घरात व्हय?" तू कपाळावर हात मारलास. "जिला लय ध्यानात ऱ्हातं तिलाच तरास. आमच्यात बी तसंच हाय."

तिथपर्यंत सगळं छान होतं. मग तू मुद्द्यावर आलीस. "म्हंजी त्यो माजा ताप त्याचाच व्हता."

आणि मी म्हटलं, "असं सांगता येत नाही."

बघ, हौसा, काय झालं होतं मला? समोर तू बसलेली, नुकतंच मीच सगळं समजावलेलं, ताप, पुरळ, गाठी, सगळं तंतोतंत. तुला तेव्हा जुलाबही झाले होते, आतड्यातल्या मदतनीस पेशींची त्या दिवसांत फार नासाडी होते, हेही मला ठाऊक होतं. तरी मी म्हटलं, "पावसात ताप सगळ्यांनाच येतो. पुरावा काय?"

हा वाद बावीस वर्षं चालला. दर पावसाळ्यात एकदा तरी तू तो उकरून काढायचीस. "मॅडमबाई, त्यो ताप कशाचा व्हता?" "पावसाचा." "आन गाठी?" "गाठी कशानंही येतात." तू हसायचीस, मीही हसायचे. तुला वाटायचं मी गंमत करतेय. काही वर्षांनी तसंच वाटायला लागलं, आपला एक खेळच होता. पण मी गंमत करत नव्हते गं. तो ताप त्याचा होता असं म्हटलं की पुढचं वाक्य आपोआप आलं असतं. मग मी 'पाज की खुशाल' कशाच्या जोरावर म्हटलं? ते वाक्य मला टाळायचं होतं. एका बाईनं माझं ऐकलं नाही म्हणून एक मूल वाचलं, हे माझ्या तोंडून मला ऐकायचं नव्हतं.

तुझा नवरा दोन वर्षांत गेला. तेव्हा गोळ्या आपल्यापर्यंत पोचल्या नव्हत्या. आजाराची कुजबुज गावात झालीच. दिरानं तुला सांगितलं, पोरीला घे आणि माहेरी जा. तू आत गेलीस, ट्रंकेतून माझा पहिला कागद काढलास, निगेटिव्ह लिहिलेला, माझ्या सहीचा, आणि चार माणसांत ठेवलास. "वाचा. मला काय न्हाई." वाचला सगळ्यांनी. तू घरात राहिलीस, तुझ्या वाटणीचं खाचर तुझ्याकडं राहिलं. पुढच्या खेपेला मला हे सांगताना तू टाळ्या पिटत होतीस. "तुमच्या चुकीवर घर उबं हाय माजं!" चूक हा शब्द तू वापरलास, मी नाही. मी म्हटलं, "बरं झालं." चहा सांगितला.

तुला गोळ्या सुरू व्हायलाही वेळच लागला. मदतनीस पेशींचा आकडा खाली आल्याशिवाय सुरू करायच्या नाहीत असा तेव्हाचा दंडक. आता निकाल आला की लगेच सुरू करतात, पट्ट्याही आधीपेक्षा लवकर बोलतात. तू हे ऐकून कधी हळहळली नाहीस. नव्यानं निकाल कळलेली कुणी बाई बाकावर सुन्न बसलेली दिसली की तू तिच्याशेजारी जाऊन बसायचीस, काही न विचारता पिशवीतली भाकरी सोडायचीस. लोहगडवाडीहून एक पोरगी यायची, ट्रेकरांना पिठलं-भाकरी विकणारी, जीव द्यायला निघालेली. तिला तू काय सांगितलंस मला माहीत नाही. बाहेर हसण्याचा आवाज आला एवढं खरं. तिला आता दोन मुलं आहेत, दोन्ही ठणठणीत.

या सगळ्यात एकच गोष्ट तुझ्या हाताला लागली नाही. रूपी.

आजीच्या मांडीवर वाढलेली पोर. आजीचं पालुपद ऐकत मोठी झाली, "तुज्या आयनं लावनीपायी तुजं दूध तोडलं." सोळा वर्षांची असताना भांडणात ती तुला म्हणाली, "तू मला धड दूधसुद्धा पाजलं नाहीस, आता माया कशाला दाखवतेस?" त्या महिन्यात तू आलीस तेव्हा बत्तासे घ्यायलाही उतरली नाहीस, थेट घरी गेलीस. मी किती वेळा म्हटलं, "सांगून टाक तिला. मोठी झाली आता." तू म्हणायचीस, "सांगितलं तर माजा आजार सांगाया लागंल. पोर घाबरंल. त्यापरीस रुसलेली बरी." रूपी पुढं शिकली, लोणावळ्याच्या एका रिसॉर्टमध्ये रिसेप्शनला लागली. सणावाराला घरी यायची, तुझ्याशी कामापुरतं बोलायची. हा वादही आपला अर्धाच राहिला.

सप्टेंबरात तू आलीस ती शेवटची. दवाखान्यातून गोळ्या घेऊन माझ्या घरी आलीस. ओट्यावर बसून, चहात बटर बुडवत म्हणालीस, "औंदा काढनी झाली की रूपीला सांगनार. ती चार दिस रजा टाकून येनार हाय कापनीला. तुमी बी या. माज्या बाजूला बसा. मला त्या पेशींचं बोलता येत न्हाई तुमच्यावानी."

"डुक्कर सांग की."

"डुक्कर सांगीन म्या. ताप कशाचा व्हता ते तुमी सांगा." आणि माझ्याकडं बघत राहिलीस. हसत नव्हतीस. मी म्हटलं, "बटर संपलं वाटतं," आणि आत गेले.

काढणी झाली, हौसा. तुझ्याशिवाय झाली. तुझ्या मोबाइलात माझा नंबर 'एकवीरेची मावशी' म्हणून होता, त्यावर परवा रूपीचा फोन आला, "मावशी, भात झालं. आई दर वर्षी तुम्हाला तांदूळ द्यायची ना? घेऊन जा." मी काल टाकव्याला गेले. तुझी सासू पडवीत उन्हाला बसली होती, आता तिला नीट ऐकू येत नाही. रूपीनं मला आतल्या खोलीत बसवलं. हुबेहूब तुझ्या चालीनं चालते ती, तुला कुणी सांगितलं होतं का?

मी म्हटलं, "तुझी आई काढणी झाली की तुला एक गोष्ट सांगणार होती."

"गोळ्यांची?" ती म्हणाली. "बीपीच्या नव्हत्या त्या. मला कॉलेजात असल्यापासून माहिती आहे. डबीवरचं नाव मोबाइलवर बघितलं होतं. तिला लाज वाटेल म्हणून मी काही बोलले नाही."

अगं, बघ ना! तू तिच्यासाठी गप्प आणि ती तुझ्यासाठी गप्प, एकाच घरात.

"गोळ्यांची नाही," मी म्हटलं. "दुधाची."

मग मी सगळं सांगितलं. ताप, गाठी, एक रेघ. डुक्कर आणि वनखात्याचा माणूसही सांगितला, तिथं ती किंचित हसली, तुझाच शब्द आहे हे तिला ओळखता आलं. मी तुला काय विचारलं नाही, तू काय विचारलंस आणि मी काय उत्तर दिलं, ते शब्दन् शब्द सांगितलं. कडुलिंब सांगितला. तीन दिवस सांगितले. ती उठली, ट्रंक उघडली आणि तो कागद माझ्यासमोर ठेवला. घड्यांवर फाटलेला, पिवळा पडलेला. "हा मला सापडला होता. निगेटिव्ह वाचून काही कळेना. ही सही तुमची?"

"माझी."

"आणि तिनं हे ऐकलं असतं तर?"

तिला उत्तर नकोच होतं. तिनं कागदाची घडी जपून पुन्हा घातली. मग खूप हळू म्हणाली, "आजी सांगते, तिसऱ्या दिवशी मी तिच्याकडून तोंड फिरवलं." आणि पदर नसताना, ओढणीनं, अगदी तुझ्यासारखं तोंड पुसलं.

निघताना तांदळाची पिशवी माझ्या हातात देत तिनं विचारलं, "मावशी, तुम्ही आईला कधी म्हणालात का, चुकलं म्हणून?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"वाद घालत राहिले."

"मग आता म्हणा. मला नको. तिला म्हणा." दारापर्यंत आली आणि म्हणाली, "लिहा. नाव बदला, पण बाकी काही बदलू नका. हौसा लिहा. तिच्या आईचं नाव होतं ते, तिला आवडायचं."

म्हणून हा दुसरा कागद, माझ्या सहीचा. हौसा, तो ताप पावसाचा नव्हता. तू विचारलंस तेव्हाच मला माहीत असायला हवं होतं, आणि नंतर बावीस वर्षं माहीत असून मी नाही म्हणत राहिले. रूपी तुझ्यामुळं वाचली, माझं ऐकलं नाहीस म्हणून वाचली. मी चुकले गं.